घरी बांधलेली हॉट रॉड: बंदी नको आणि सूटही नको

घरच्या गॅरेजमध्ये हॉट रॉड, म्हणजे जुन्या धाटणीच्या गाडीत ताकदवान इंजिन टाकून वेगासाठी बदललेली गाडी, बांधू द्यायची की नाही हा वाद अमेरिकेत अधूनमधून पेटतो आणि दर वेळी तितक्याच वाईट पद्धतीने घातला जातो. २०१९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो काउंटीच्या झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या वस्तीत काय चालेल ते ठरवणाऱ्या, नियमांवरून असाच गदारोळ झाला. नियम काय होता, तर घराच्या आवारात गाडीची किरकोळ दुरुस्ती चालेल, पण साधारण घरात नसतात अशी हत्यारं वापरायची नाहीत, त्या घरात न राहणाऱ्याच्या नावावरची गाडी घ्यायची नाही, आणि बंद गॅरेजच्या बाहेर गाडी २४ तासांच्या वर खोलून ठेवायची नाही. लगेच दोन तट पडले. एक म्हणतो माझं गॅरेज, माझी गाडी, सरकारचा संबंधच काय. दुसरा म्हणतो ही माणसं धूर काढतात, आवाज करतात, ब्रेक धड नसलेल्या गाड्या रस्त्यावर आणतात, बंद करा एकदाचं हे. मग पुढे कितीतरी दिवस हेच दोन सूर, फक्त आवाज चढत जातो.

मला वाटतं दोन्ही बाजू मुद्दाच सोडून भांडतायत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घरी गाडी बांधण्यावर बंदी अजिबात नको, पण "जुन्या सालची दिसते म्हणून तपासणी माफ" ही जी सवलत हॉट रॉडवाल्यांनी बऱ्याच राज्यांत मिळवून ठेवलीये ना, तीही नको. गाडी कोणी बांधली, कुठे बांधली, कुठल्या सालची दिसते हे सगळं बाजूला ठेवा आणि गाडीलाच परीक्षेला बसवा. ब्रेक सरळ रेषेत लागतात का, स्टिअरिंगचा सांधा हातात येणार नाही ना, वेल्डिंगने खरंच धरलंय का, एक्झॉस्टमधून काय बाहेर पडतंय. पास झाली तर नंबर प्लेट द्या, नापास झाली तर परत गॅरेजमध्ये. ऐकायला साधं वाटतं, पण सध्याचे बहुतेक कायदे असे चालत नाहीत, त्यांना गाडीपेक्षा कागदात जास्त रस आहे.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी मागची गोष्ट. फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी च्या दीड कोटीहून जास्त गाड्या काढल्या, त्यामुळे पुढे जुन्या फोर्ड गाड्यांचा आणि त्यांच्या पार्टचा अमेरिकेत अक्षरशः पूर आला आणि त्या खिशात फार पैसे नसलेल्या पोरांच्या हाती लागल्या. मग १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-८ इंजिन दिलं, तो प्रसिद्ध फ्लॅटहेड, ताकद ६५ हॉर्सपॉवर. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी मडगार्ड काढले, वजन कमी केलं, इंजिनं उघडून सुधारली आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर जाऊन वेग मोजायला सुरुवात केली. ही माणसं इंजिनिअर नव्हती, पण व्हिक एडेलब्रॉक, एड इस्केंडेरियन, स्टू हिलबॉर्न ही नावं तिथूनच पुढे आली, म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, कॅमशाफ्ट आणि फ्युएल इंजेक्शनचा अख्खा धंदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ती माणसं. आज घरी बांधणारा वेगळं काय करतो? जुनी किंवा नवीन बनवलेली चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, घेतो, तिचे उघडे सी-आकाराचे रेल पट्ट्या लावून बंद करतो, पुढे फोर्डच्या मस्टँग-टू या गाडीच्या धाटणीचं सस्पेन्शन नाहीतर खाली वाकवलेला सलग अ‍ॅक्सल बसवतो, मागे फोर्डचा नऊ इंची रिअर एंड, म्हणजे मागची चाकं फिरवणारा अ‍ॅक्सल, मधे शेवरलेचं व्ही-८, आणि मग वायरिंग, इंधनाची लाईन, ब्रेकची लाईन, पत्र्याचं काम, रंग. वर्षानुवर्षं चालतं हे.

आता विरोधकांचा सगळ्यात मजबूत मुद्दा घेऊ, कारण तो खरा आहे आणि हॉट रॉडवाले त्याला टाळतात. १९३२ ची फोर्ड ६५ हॉर्सपॉवरसाठी बनलेली होती आणि तिचे ब्रेक रॉडवर चालणारे मेकॅनिकल होते, फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक आणले ते १९३९ साली. त्या गाडीत आज कोणी ४०० हॉर्सपॉवरचं इंजिन टाकत असेल तर वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते हे गणित त्याला माहीत असायलाच हवं. आणि गॅरेजमध्ये ज्या चुका होतात त्या वरून दिसत नाहीत हे जास्त भयंकर आहे. वेल्डिंग वरून सुंदर, एकसारखं, आणि आत लोखंडाला धरलेलंच नाही, कारण करंट कमी ठेवला होता. किंवा धरलेलं होतं पण शोभेसाठी ग्राइंडर मारून सपाट करताना तेवढी जाडीच काढून टाकली. ब्रेकला तांब्याची साधी नळी वापरली, वाकवायला सोपी म्हणून, ती थरथरीने चिरत जाते. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचं ऑइल ढकलणारा भाग, गाडीच्या तळाच्या पत्र्याखाली बसवला, तो चाकावर ब्रेक आवळणाऱ्या कॅलिपरपेक्षा खाली गेला, तिथे लाईनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा दोन पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व टाकायचा राहिला, तर ऑइल हळूहळू मागे उतरतं आणि ऐन वेळी पहिल्या दाबाला पेडल तळाला जातं. चाकं वळवणारा स्टिअरिंगचा टाय रॉड आणि सस्पेन्शनचे हात वेगवेगळ्या कमानीत फिरत असतील तर खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपोआप वळते. यातलं काहीही शोमध्ये उभ्या गाडीकडे बघून कळत नाही. शिवाय जुन्या पद्धतीचा सलग स्टिअरिंग कॉलम समोरच्या धडकेत भाल्यासारखा छातीत घुसतो, कंपन्यांनी तो दबणारा केला तो साठच्या दशकाच्या शेवटी, नियम झाला १९६८ मध्ये. म्हणजे कंपनीच्या गाडीमागे क्रॅश टेस्ट, शेकडो इंजिनिअर आणि कायदा उभा आहे आणि घरच्या गाडीमागे एक माणूस आणि त्याचा विश्वास. हे सगळं मी मान्य करतो, अगदी पूर्णपणे.

पण यातून बंदी कशी निघते? जरा नीट बघा, वरच्या यादीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. एक, जिच्यामुळे चालवणाऱ्याला धोका आहे, म्हणजे एअरबॅग नाही, चेपून धक्का शोषणारा पुढचा भाग नाही. दुसरी, जिच्यामुळे रस्त्यावरच्या इतरांना धोका आहे, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, चाक निघून जाणं, इंधन गळणं, दिवे नसणं. पहिल्या प्रकारचा धोका समाज रोज मान्य करतो. मोटरसायकलला कुठला पुढचा भाग चेपतो? १९३२ ची मूळ, एकही बोल्ट न बदललेली फोर्ड मेकॅनिकल ब्रेकसकट रस्त्यावर आली तर लोक थांबून फोटो काढतात, कोणी बंदी मागत नाही. मग त्याच गाडीला चारही चाकांना डिस्क, दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, दबणारा कॉलम आणि सीटबेल्ट लावला की ती अचानक जास्त धोकादायक होते का? उलट चांगल्या हाताने बांधलेली हॉट रॉड मूळ गाडीपेक्षा कितीतरी सुरक्षित असते, आणि हे काही आजचं नाही, चाळीसच्या दशकात पोरांनी जुन्या फोर्डना पहिल्यांदा जे बदल केले त्यात १९३९ नंतरचे हायड्रॉलिक ब्रेक बसवणं हा एक मोठा बदल होता. दुसऱ्या प्रकारचा धोका मात्र मान्य करायचं काहीच कारण नाही. तिथे कडक परीक्षा हवी, कोणाचीही ओळख न बघता. स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, समोरून येणाऱ्या कुटुंबाने तुमच्या वेल्डिंगवर विश्वास ठेवायला होकार कधी दिला होता?

आणि परीक्षा म्हणजे हॉट रॉडच्या आत्म्याविरुद्ध काहीतरी, असं जे बोललं जातं ते इतिहासाला धरून नाही. १९३७ मध्ये क्लबांनी एकत्र येऊन एससीटीए काढली, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, ती सरकारने लादलेली नव्हती. तळ्यावर कोणीही कसाही गाडी पळवत होता, धुळीत समोरचं दिसत नव्हतं, अपघात होत होते, म्हणून यांनीच नियम केले, गाड्यांची तपासणी सुरू केली, एका वेळी कोण पळणार ते ठरवलं. युद्धानंतर सैन्यातून परत आलेल्या पोरांनी रस्त्यांवर शर्यती लावल्या आणि हॉट रॉड म्हणजे बेफाम टोळकं असं चित्र वर्तमानपत्रांत उभं राहिलं. तेव्हा बंदीची भाषा आजच्यापेक्षा जास्त होती. त्यातून हा छंद वाचला कसा? १९५० मध्ये सँटा अ‍ॅनाच्या विमानतळाच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या अंतराच्या शर्यती, सुरू झाल्या, १९५१ मध्ये वॉली पार्क्सने एनएचआरए म्हणजे नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, आणि १९५४ पासून यांचीच माणसं देशभर गावोगाव फिरून शर्यत सुरक्षित कशी घ्यायची, गाडी कशी तपासायची ते शिकवत होती. "आम्हाला सोडा" म्हणून ते वाचले नाहीत. "आम्हाला तपासा, आम्हीच तपासतो" म्हणून वाचले. १९६३ मध्ये पार्ट बनवणाऱ्यांनी सेमा ही संघटना काढली तेव्हाही सुरुवातीच्या कामांत एक मोठं काम होतं रेसिंगच्या पार्टसाठी सुरक्षेचे निकष ठरवणं, कारण क्लच आणि फ्लायव्हील फुटून तुकडे माणसांच्या अंगात घुसत होते.

ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. ८ मार्च १९७० ला लाँग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर त्याच्या ड्रॅगस्टरचा, म्हणजे ड्रॅग रेसच्या गाडीचा, ट्रान्समिशन फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्या काळी इंजिन पुढे आणि ड्रायव्हर मागे, गिअरबॉक्स जवळजवळ पायांच्या मधे, अशीच रचना सगळे वापरायचे, आणि इंजिन मागे टाकायचे आधीचे प्रयत्न फसले होते कारण गाडी सरळ राहायची नाही. गार्लिट्सने इंजिन मागे नेलं, स्टिअरिंगचं प्रमाण मंद केलं म्हणजे हात जास्त फिरवल्यावर चाक थोडं वळेल असं, आणि १९७१ मध्ये त्या गाडीने जिंकायला लागला. काही वर्षांत वरच्या वर्गातून पुढे इंजिन असलेल्या गाड्या संपल्याच. कुठल्या मोठ्या कार कंपनीने केलं हे? कुठल्या सरकारी खात्याने? ज्याच्या अंगावर फुटलं त्याने स्वतःच्या हाताने सोडवलं, आणि सगळ्यांनी उचललं. हाताने बांधणाऱ्यांना सुरक्षेचं काही पडलेलं नसतं असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

गाडीवरून वाद घालताना लोक विमानाकडे बघतच नाहीत याचं मला नवल वाटतं. घरी बांधलेलं विमान! अमेरिकेत ते कायदेशीर आहे, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, आणि १९५३ मध्ये स्थापन झालेली ईएए ही हौशी बांधणाऱ्यांची संघटना आज जगभर पसरलीये. नियम असा आहे की विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी बनवलेला असला पाहिजे, त्याची पाहणी होते, मग साधारण २५ किंवा ४० तास ठरलेल्या भागात चाचणीचं उड्डाण करावं लागतं, त्या काळात हौसेखातर पाहुण्यांना बसवायला मनाई, आणि आत प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावावी लागते की हे विमान नेहमीच्या विमानांच्या सुरक्षेच्या नियमांत बसत नाही. बघा किती समजूतदार रचना आहे ही. स्वतःचा धोका तू घे, पण बसणाऱ्याला सांग, आणि लोकांच्या डोक्यावरून जाण्याआधी सिद्ध करून दाखव. ईएए चे अनुभवी स्वयंसेवक तर बांधणी चालू असतानाच घरी येऊन बघतात, पंखावर बाहेरचं आवरण चढायच्या आधी, कारण नंतर आतलं काही दिसणार नाही. आता कोणी म्हणेल की घरच्या विमानांचे अपघात जास्त होतात. हो, होतात. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने २०१२ मध्ये यावर अभ्यास केला आणि प्राणघातक अपघातांचं प्रमाण इतर खासगी विमानांपेक्षा जास्त असल्याचं मांडलं, बरेचसे इंजिनातले बिघाड आणि ताबा सुटणं, तेही सुरुवातीच्या उड्डाणांत किंवा नवीन मालकाच्या हातात. पण शिफारस काय केली? बंद करा नाही. चाचणी नीट करा, नोंदी नीट ठेवा, नवीन चालवणाऱ्याला प्रशिक्षण द्या. ज्या देशात माणूस गॅरेजमध्ये विमान बांधून परीक्षा देऊन उडवू शकतो त्याच देशात गाडीसाठी "बंदी किंवा सूट" एवढेच दोन पर्याय का दिसतात लोकांना?

त्या अभ्यासातला दुसऱ्या मालकाचा मुद्दा हॉट रॉडलाही तसाच्या तसा लागू पडतो, आणि खरं तर मला हाच सगळ्यात अवघड वाटतो. ज्याने बांधली त्याला माहीत असतं कुठला बोल्ट तात्पुरता आहे, कुठली वायर फ्यूजशिवाय गेलीये. तो गाडी विकतो. घेणाऱ्याला फक्त चमकणारा रंग दिसतो. म्हणून तपासणी दोन टप्प्यांत हवी, पहिली चॅसी उघडी असताना, रंग आणि बॉडी चढायच्या आधी, जेव्हा प्रत्येक वेल्डिंग डोळ्याने दिसतं, आणि दुसरी गाडी चालू झाल्यावर. आणि त्या तपासणीची नोंद गाडीबरोबर जायला हवी.

आता धुराचा मुद्दा. इथे हॉट रॉडवाले नेहमी म्हणतात, आमच्या गाड्या वर्षाला किती चालतात, रविवारी थोड्या, एकूण प्रदूषणात आमचा वाटा नगण्य. खरं आहे, पण हा युक्तिवाद मला कमकुवत वाटतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेलं, कार्बुरेटर जास्त पेट्रोल ओतणारं मोठं व्ही-८ आजच्या गाडीच्या मानाने प्रत्येक मैलाला कित्येक पट घाण सोडतं आणि मागे उभ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं ही वस्तुस्थिती आहे, "मी थोडंच करतो" हे काही उत्तर झालं नाही. पण कायद्याने यावर जे उपाय काढलेत ते त्याहून विचित्र आहेत. कॅलिफोर्नियात २००२ पासून अशी सोय आहे की घरी बांधलेल्या गाड्यांपैकी वर्षातल्या पहिल्या ५०० जणांना प्रदूषणाच्या नियमांसाठी गाडी ज्या सालची दिसते ते साल निवडता येतं, आणि कुठल्याच सालच्या गाडीसारखी दिसत नसेल तर १९६० ची समजतात. म्हणजे फायबरग्लासची काल बनवलेली बॉडी, नवं कोरं इंजिन, आणि धुराच्या हिशोबात ती १९३२ ची. ५०० वी गाडी चालते तर ५०१ व्या गाडीचा धूर काय वेगळा असतो? आकड्याला काही तर्क नाही, तो फक्त तडजोडीचा आकडा आहे.

बाकी बऱ्याच राज्यांत सेमा ने पुढे केलेल्या मसुद्यासारखे कायदे झालेत. त्यात १९४९ च्या आधीची किंवा तशी दिसणारी गाडी म्हणजे स्ट्रीट रॉड, आणि १९४८ नंतरच्या मॉडेलची, किमान २५ वर्षं जुनी किंवा तशी दिसणारी, म्हणजे कस्टम. नोंदणी बॉडी ज्या सालची दिसते त्या सालाची, वार्षिक तपासणी आणि धुराची तपासणी माफ, बदल्यात मालकाने म्हणायचं की मी ही रोज वापरणार नाही, फक्त शो, मिरवणूक, क्लबच्या सहली आणि अधूनमधून. मला कळतं की त्या वेळी हे का केलं, नाहीतर लोकांना खोटी कागदपत्रं करावी लागत होती, कुठल्या तरी सडलेल्या चॅसीचा नंबर घेऊन सगळी नवी गाडी त्याच्यावर उभी करायची असले प्रकार. निदान खोटेपणा थांबला. पण पाया काय आहे या सवलतीचा? "ही दिसते जुनी." दिसण्यावर उभी असलेली सवलत एका वाईट अपघाताने जाऊ शकते, आणि गेली तर तिच्या बाजूने बोलायला आपल्या हॉट रॉडवाल्यांकडे काय असेल? परीक्षेत पास झालेल्या गाडीचा मालक निदान निकाल तरी दाखवू शकतो. जी राज्यं घरी बांधलेल्या गाड्यांची पाहणी करतात तिथेही बऱ्याच ठिकाणी मुख्य लक्ष कशावर असतं, तर पार्टच्या पावत्या आहेत का आणि इंजिन चोरीचं नाही ना. चोरी पकडायलाच हवी, पण पावती असलेला ब्रेक लागतोच असं कुठे आहे?

धुराचं उत्तर तांत्रिकदृष्ट्या आता अवघड राहिलेलं नाही. इंजिन ज्या सालचं त्या सालचे निकष लावा, मागे नळी घालून मोजा, विषय संपला. नवीन इंजिन टाकतोयस तर त्याचा कॉम्प्युटर, ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टर सकट टाक. शेवरलेने ई-रॉड नावाने असे संच विकायला काढले, कन्व्हर्टर आणि पेट्रोलच्या वाफेचा डबा यांसकट, आणि कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाची मान्यता घेऊन. म्हणजे १९३२ च्या रूपात आजच्या गाडीइतपत स्वच्छ इंजिन बसू शकतं, त्याने हॉट रॉड कमी होत नाही. ज्याला अस्सल फ्लॅटहेडच हवाय त्याच्यासाठी मैलांची मर्यादा ठेवा आणि ओडोमीटर तपासा, त्याला माझी हरकत नाही, ते इंजिन जिवंत राहिलंच पाहिजे. आणि यात ईपीए, म्हणजे केंद्राचं पर्यावरण खातं, आणि रेसिंगच्या गाड्यांचा वाद मिसळू नका, २०१५-१६ मध्ये जो उठला आणि ज्यातून आरपीएम अ‍ॅक्ट नावाचं विधेयक आलं. तो रस्त्यावरची गाडी फक्त रेससाठी बदलण्याबद्दल आहे, तिथले मुद्दे वेगळे आहेत, पण दोन्ही बाजू सोयीने एकत्र करतात.

आता आपल्याच लोकांचा आक्षेप, की तपासणी म्हणजे लाल फीत, खर्च, आणि गाडीबद्दल काही न कळणारा अधिकारी. हा आक्षेप हवेतला नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून सुटी बांधलेल्या गाड्यांना सरकारी परीक्षा आली, २००९ पासून ती आयव्हीए नावाने चालते, आणि तिच्यात बाहेर येणाऱ्या कडांची गोलाई २.५ मिलिमीटर हवी असले नियम आहेत. पादचाऱ्याला कड लागू नये हा हेतू बरोबर आहे, पण उघड्या चाकांच्या, बाहेर लटकणाऱ्या सस्पेन्शनच्या हॉट रॉडला तेच माप लावलं की माणसं परीक्षेपुरते रबराचे तुकडे चिकटवतात आणि नंतर काढून टाकतात. त्यातून कोण सुरक्षित झालं? याउलट न्यूझीलंड बघा. तिथे लो व्हॉल्यूम व्हेइकल नावाची पद्धत आहे, आणि ती उभी करण्यात तिथल्या हॉट रॉड संघटनेचा मोठा हात होता. काम जाणणारा, अधिकार दिलेला सर्टिफायर गाडी बघतो, निकषांचं जाडजूड पुस्तक बांधणाऱ्यांच्या अनुभवातून तयार झालेलं आहे, आणि पास झाल्यावर गाडीवर एक पट्टी ठोकतात ज्यावर काय बदल मान्य झालेत ते लिहिलेलं असतं. नवीन मालकाला ती पट्टी वाचता येते. तिथे हॉट रॉड मेल्या का? उलट त्या छोट्या देशात हा छंद जोरात आहे, आणि तिथले बांधणारे कामाच्या दर्जासाठी ओळखले जातात. फरक परीक्षा असण्या-नसण्यात नाही, परीक्षा कोणी लिहिली यात आहे. आपण लांब उभे राहिलो तर ती काम न जाणणारा माणूस लिहिणार.

शेजाऱ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण सॅक्रामेंटोचा मुद्दा तिथूनच निघाला होता. शेजाऱ्याचा त्रास खरा असतो. रात्री दहा वाजता ग्राइंडर, मफलर नसलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करणं, हे कोणी का सहन करावं? रंगाचं तर जास्त गंभीर आहे, टू-पॅक रंगात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, त्याने कायमचा दमा लागू शकतो, आणि ते निवासी गल्लीत नुसता पंखा लावून बाहेर सोडणं मला पटत नाही, तेवढं काम भाड्याच्या बूथमध्ये करावं. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो, हे बांधणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने वेल्डिंगला हातच लावू नये. पण म्हणून नियमात "घरात सहसा नसणारी हत्यारं" लिहिणं हे कुठलं उत्तर? कोणाच्या घरात? सुताराच्या घरात टेबल सॉ असतो, लोहारकामाची आवड असणाऱ्याकडे ऐरण. मिग वेल्डर गुपचूप कोपऱ्यात उभा असेल तर शेजाऱ्याचं काय बिघडलं? आवाज किती डेसिबलचा आणि किती वाजेपर्यंत, फवारणी कुठे, तेल कुठे ओततो, बाहेर किती गाड्या पडून आहेत, यावर नियम करा, त्रासावर करा. दुसऱ्याच्या गाडीचं काम करू नका हा नियम तर मला सरळ घातक वाटतो, कारण हे काम शिकलं जातं ते मित्राच्या गाडीखाली पडून, ज्याला येतं त्याच्या शेजारी बसून, आणि एकट्याने शिकणारा जास्त चुका करतो.

एक आक्षेप राहिला, की हल्ली बांधतो कोण, सगळं कॅटलॉगमधून येतं, स्टीलची नवी १९३२ ची बॉडीसुद्धा विकत मिळते, क्रेट इंजिन पेटीतून काढून बसवायचं, मग एवढं काय त्याचं कौतुक आणि त्याच्यासाठी कायदे कशाला. हे म्हणणारे बहुधा कधी बांधायला बसलेले नसतात. पार्ट विकत घेतल्याने ते एकमेकांशी जुळत नाहीत. एकाचं इंजिन, दुसऱ्याचा गिअरबॉक्स, तिसऱ्याचा रिअर एंड एका रेषेत आणताना युनिव्हर्सल जॉइंटचे कोन जुळवावे लागतात नाहीतर ठराविक वेगाला गाडी थरथरते. ब्रेकला जोर देणारा बूस्टर नसेल तर पेडलचं प्रमाण, म्हणजे पायाचा जोर किती पट होतो ते, साधारण सहास एक लागतं, जागा नाही म्हणून चार केलं तर पाय दाबून दाबून थकतो आणि गाडी थांबत नाही. हे निर्णय कॅटलॉग घेत नाही, माणूस घेतो, आणि घेताना शिकतो. आज बाजारात येणारी गाडी मालकाने बॉनेट उघडूच नये अशा बेताने बनवलेली असते. आपण जे रोज वापरतो ते आतून कसं चालतं हे समजलेली माणसं समाजात असावीत की नसावीत? मला वाटतं असावीत, आणि त्यासाठी थोडा आवाज आणि एक तपासणी केंद्र एवढी किंमत फार नाही.

सुरुवात कुठून करायची हेही समोरच आहे. १९७० पासून चालत आलेली एनएसआरए ही स्ट्रीट रॉडवाल्यांची संघटना आपल्या मेळाव्यांत २३ मुद्द्यांची मोफत सुरक्षा तपासणी करते, ऐच्छिक, आणि लोक त्यासाठी गाडी घेऊन येतात, चूक निघाली तर घरी जाऊन सुधारतात. ती यादी घ्यावी, तिच्यात उघड्या चॅसीची एक पाहणी वाढवावी, आणि राज्यांच्या विधिमंडळांकडे स्वतःहून जावं की आमची सूट काढा, त्या जागी ही परीक्षा ठेवा, गाडीवर तिचं खरं साल आणि बांधणाऱ्याचं नाव लिहा, आत विमानासारखी पाटी लावा. तपासनीस म्हणून ज्यांनी आयुष्यभर गाड्या बांधल्या त्यांनाच प्रशिक्षण देऊन नेमावं, फी त्यांच्या वेळेपुरती ठेवावी. हे लवकर करायला हवं, कारण चॅसीवर बोट फिरवून वेल्डिंग धरलंय की नाही सांगणारे, फ्लॅटहेड आवाजावरून ओळखणारे हात आता सत्तरीच्या पुढे गेलेत आणि त्यांच्या जागी बसायला नवीन लोक अजून तयार झालेले नाहीत.